नदीचं वळण आणि काठाची माती: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

भूगोल दिनासाठी (१४ जानेवारी) विभागाचा विषय ठरला: सपाट मैदानातली नागमोडी नदी कशी सरकते. तीन फलक, संगणकावर एक नकाशा आणि व्हरांड्यात चालू पाण्याचा वाळूचा ट्रे. नदी घेतली मिसिसिपी. तीही खालची, म्हणजे ओहायो नदी तिला मिळते तिथपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंतची.

सांगलीत बसून अमेरिकेची नदी कशाला, हा प्रश्न स्टाफरूममध्ये आलाच. कृष्णा दारात आहे, वळणंही झोकदार आहेत. पण कृष्णा वळते, सरकत मात्र फारशी नाही. हरिपूरचा संगम आहे तिथेच आहे. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात ते तिथल्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे, आणि कित्येक पिढ्यांचे वारकरी त्याच कोरीच्या वाळवंटात उतरत आलेत. दख्खनच्या नद्यांनी ही वळणं खडकात आणि घट्ट काळ्या मातीत कोरून घेतलेली. पूर आला की पाणी उभं चढतं (२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं), शिवारात पसरतं, आणि ओसरलं की नदी पुन्हा त्याच पात्रात. म्हणजे नुसतं वळण असून भागत नाही. मग नदी सरकायला लागतं काय, हाच प्रकल्पाचा प्रश्न. माझा अंदाज एका शब्दात लिहून ठेवते: काठ. बाकी सगळं त्याच्याभोवती.

बिहारमधल्या कोसी नदीचं नाव एका विद्यार्थ्याने सुचवलं होतं. ते मुद्दाम बाजूला ठेवलंय. कोसी पंख्यासारख्या पसरलेल्या स्वतःच्या गाळावर एका पात्रातून उडी मारून दुसऱ्यात जाते. २००८ साली कुसहाला बांध फुटून झालं ते तसं. आपल्याला हवी आहे ती रोज थोडी थोडी सरकणारी नदी.

२१ नोव्हेंबर

फिस्कचे नकाशे डाऊनलोड झाले. प्रत्येक फाईल प्रचंड, विभागाच्या इंटरनेटवर रात्रभर चालू ठेवावं लागलं.

हॅरॉल्ड फिस्क हे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे भूवैज्ञानिक. मिसिसिपी नदी आयोगासाठी (आयोग १८७९चा) त्यांनी १९४४ साली खालच्या खोऱ्याचा अहवाल दिला. त्यात नदीच्या जुन्या पात्रांचे १५ नकाशे आहेत, मिझुरीतल्या केप जिरार्डोपासून लुइझियानातल्या डोनाल्डसनव्हिलपर्यंत. हवाई छायाचित्रं, जुने सर्व्हे आणि सुमारे १६,००० ठिकाणी जमिनीत भोकं पाडून काढलेले मातीचे नमुने, एवढ्यावरून हे उभं केलंय. प्रत्येक जुन्या पात्राला वेगळा रंग. १७६५, १८२०च्या सुमाराचं, १८८० आणि १९४४ ही पात्रं प्रत्यक्ष नोंदींवरून, त्याआधीची मातीवरून.

पडद्यावर उघडल्यावर वर्गात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, "मॅडम, हे पैठणीच्या काठासारखं दिसतंय."

फलकावर एक सावधगिरीची ओळ टाकायचीच. फिस्कनी जुन्या पात्रांना दिलेली वयं पुढच्या संशोधनात टिकली नाहीत. त्यांच्या काळी रेडिओकार्बन पद्धत (जुन्या लाकडासारख्या अवशेषांचं वय काढण्याची) नव्हती. पुढे रॉजर सॉसिअर यांनी १९९४ साली याच खोऱ्याचा नवा इतिहास मांडला तेव्हा काळाचं गणित बरंच बदललं. पात्रांचा आकार आणि कोणतं आधी, कोणतं नंतर हा क्रम यासाठी फिस्क वापरायचे, वयासाठी नाही. इंटरनेटवर हे नकाशे भिंतीवर लावायचं चित्र म्हणून फिरतात, तेव्हा हा भाग कोणी सांगत नाही.

२५ नोव्हेंबर

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रीनव्हिल आणि व्हिक्सबर्ग या मिसिसिपी राज्यातल्या नदीकाठच्या गावांच्या परिसरातले फिस्कचे नकाशे आजच्या नकाशावर बसवायला घेतले. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम, पट्टा १५ उत्तर. जुळवणीचे बिंदू निवडताना एक गंमत कळली: नदीवरची एकही खूण उपयोगाची नाही. जी गोष्ट हलते तीच पकडून नकाशा बसवता येत नाही. त्यामुळे गावांच्या जागा, रेल्वेमार्ग आणि काठापासून लांबची तळी.

लांबच्या तळ्यांमध्ये आर्कान्सामधलं लेक शिको फार कामाला आलं. हे मिसिसिपीनेच टाकून दिलेलं वळण आहे, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं, आणि उत्तर अमेरिकेतलं सगळ्यांत मोठं नालाकृती सरोवर. आजची नदी तिथून कित्येक किलोमीटर पूर्वेला आहे.

बसवलेल्या नकाशावर राज्यांच्या सीमांचा थर टाकला. नदी जाते सरळ, आणि आर्कान्सा व मिसिसिपी राज्यांमधली सीमा मात्र शेजारी मोठमोठे वळसे घेत जाते. ज्या काळी सीमा ठरली त्या काळच्या नदीवर ती थिजून बसलीय. फलकासाठी याच्याइतकं बोलकं काही मिळणार नाही. सीमा लाल, आजची नदी निळी, बाकी सगळं फिकट करड्या रंगात.

ग्रीनव्हिलपाशी हा फरक नदीने स्वतःहून केलेला नाही. तो माणसांचा उद्योग. त्याची नोंद पुढे.

२८ नोव्हेंबर

आज फक्त चहा. प्रयोगशाळेत काचेच्या ग्लासात कोमट पाणी, त्यात चहाचा चोथा, आणि चमच्याने गोल ढवळणं. मुलांना आधी विचारलं, चोथा कुठे जाईल? सगळ्यांनी सांगितलं, कडेला. भोवऱ्यात जड वस्तू बाहेर फेकली जाते, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. चमचा काढला, पाणी संथ होत गेलं आणि चोथा बरोब्बर मध्ये येऊन ढीग झाला. परत केलं, परत तेच.

आइनस्टाइननी १९२६ साली नद्यांच्या वळणांवर एक छोटा लेख लिहिला, त्यात हाच दाखला दिलाय. कारण असं: पाणी गोल फिरताना बाहेर दाबलं जातं, म्हणून कडेला पातळी जराशी उंच होते. त्या उंचीचा दाब तळापर्यंत पोचतो. पण तळाचं पाणी घासून मंदावलेलं असतं. बाहेर जाण्याचा त्याचा जोर कमी, दाब मात्र तेवढाच, म्हणून ते आत ढकललं जातं. वरचं पाणी बाहेर, तळाचं आत, आणि सगळं मिळून पुढे. नदीच्या वळणावर पाण्याचा असा पीळ पडतो.

आता हेच ग्लासातून उचलून नदीत ठेवायचं. बाहेरच्या काठावर वेगवान पाणी आदळतं, तिथे डोह पडतो, पायथा पोखरला की वरचा काठ कोसळतो. तळाचं पाणी वाळू ओढत आतल्या काठाला नेतं, तिथे वाळूचा पट्टा वाढतो. एका बाजूने खाणं, दुसऱ्या बाजूला भर, आणि पात्राची रुंदी साधारण तेवढीच. सगळ्यांत जास्त खाणं वळणाच्या माथ्यावर होत नाही, माथ्याच्या थोडं खाली होतं. त्यामुळे वळण नुसतं फुगत नाही, नदीच्या दिशेने खालीही चालतं.

माणसांनी फार हात लावण्याआधीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२०च्या दशकापर्यंत, खालच्या मिसिसिपीची वळणं सरासरी वर्षाला सुमारे ४५ मीटर सरकत होती. वीस वर्षांत जवळपास किलोमीटर. काठावर घर बांधणाऱ्या माणसाच्या हयातीत घर नदीत.

२ डिसेंबर

ट्रे तयार. प्लायवूडची आठ बाय चारची अख्खी शीट, कडेने फळ्या, आत ताडपत्री. पाण्याला कूलरचा पंप आणि खाली ड्रम. प्रयोगशाळेतल्या मामांनी उतारासाठी एका बाजूला विटा लावल्या आणि वर पुस्तकं ठेवून हवा तसा कमी-जास्त केला. नदीची वाळू कुठे मिळतेय आता, क्रश सँड आणली. तिचे दाणे टोकदार असतात, भुकटी फार. चाळून, धुऊन घेतली.

सरळ नाली काढली, सहा सेंटिमीटर रुंद, पाणी तिरकं सोडलं म्हणजे पहिलं वळण पडेल. पडलंही. तासाभरात दोन वळणं दिसायला लागली आणि मुलं खूश. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आलो तर नालीची जागा घेतली होती पसरट, उथळ, चार-पाच फाट्यांच्या जाळ्याने. मध्ये वाळूची बेटं.

हे अपेक्षितच होतं आणि मुलांना ते घडताना दिसणं गरजेचं होतं. मोकळ्या वाळूचा काठ इतका सहज ढासळतो की पात्र रुंद होत जातं, पाणी उथळ होतं, मधेच वाळू साठते आणि धार फुटते. ब्रह्मपुत्रेचा मैदानातला अवतार तो हाच. काठ दगडाचा असेल तर नदी सरकणार नाही, काठ नुसत्या वाळूचा असेल तर ती एकसंध राहणार नाही. नागमोडी नदीला या दोन्हींच्या मधला काठ लागतो: खाल्ला जाईल, पण सावकाश.

प्रयोगशाळेत टिकाऊ नागमोडी नदी करणं वर्षानुवर्षं अवघड गेलं ते यामुळेच. व्हिक्सबर्गच्या वॉटरवेज एक्स्पेरिमेंट स्टेशनमध्ये (अमेरिकी लष्करी अभियंत्यांची पाण्याच्या प्रयोगांची संस्था) फ्रीडकिन यांनी १९४५ साली मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. वळणं मिळाली, पण पुढे पुढे धार वळण सोडून मधूनच जायची. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००९ साली यावर तोड काढली: काठाच्या वाळूत अल्फाल्फाचं गवत उगवलं. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास!

मामांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, मग एवढे दिवस थांबलात कशाला? गावाकडे म्हशींना तेच घालतो."

४ डिसेंबर

कृषी सेवा केंद्रातून लसूणघासाचं बी आणलं. रात्रभर भिजवून ट्रेभर फेकलं, वर पातळ वाळू. नालीची जागा मोकळी सोडलीय. व्हरांड्यात कावळे आणि चिमण्यांचा त्रास, म्हणून वर जुनी मच्छरदाणी.

गवत येईपर्यंत फलकांचं काम.

९ डिसेंबर

व्हिक्सबर्गचा फलक लिहून झाला. शब्दमर्यादा दीडशे होती, ती पाळणं जमलं नाही आणि मला वाटतं पाळूही नये.

व्हिक्सबर्ग उंच कड्यावर. समोर नदीचं केसाच्या पिनेसारखं वळण आणि त्या वळणात शिरलेला जमिनीचा चिंचोळा सुळका. अमेरिकन यादवी युद्धात कड्यावर दक्षिणेच्या तोफा होत्या. नदीतून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला वेग कमी करून तोफांसमोर वळावं लागे. उत्तरेच्या सैन्याने विचार केला, सुळका कापला तर नदीच शहराला वळसा घालून जाईल. जून १८६२मध्ये कालवा खणायला घेतला, जानेवारी १८६३मध्ये उत्तरेचे सेनानी जनरल ग्रँट यांच्या हाताखाली पुन्हा सुरू केला. खणणारे सैनिक होते आणि आसपासच्या मळ्यांवरून आणलेले गुलाम. चिखल, हिवताप आणि आमांश. माणसं मेली, कालवा काही चालला नाही. मार्चमध्ये नदी चढली, कालव्याचं तोंड फुटून सगळीकडे पाणी झालं आणि काम सोडून दिलं. व्हिक्सबर्ग ४ जुलै १८६३ला वेढ्याने पडलं. नदीचा त्यात काही हातभार नव्हता.

आणि २६ एप्रिल १८७६ला तोच सुळका नदीने स्वतः कापला. कालव्याच्या जागी नव्हे, थोड्या अंतरावर. तेरा वर्षांपूर्वी एवढ्या माणसांना जे जमलं नव्हतं ते झालं, पण आता कुणालाच नको होतं. शहराचं बंदर गाळ भरणाऱ्या जुन्या वळणावर राहिलं. अखेर यझू नदीचं तोंड कालव्याने वळवून शहरापाशी पाणी आणलं गेलं, १९०३ साली. आज व्हिक्सबर्गच्या धक्क्याला लागलेलं पाणी यझूचं आहे.

विद्यार्थ्यांनी विचारलं, नदीला जमलं आणि ग्रँटला का नाही? सुळका कापणं म्हणजे नुसता चर नव्हे. चराच्या दोन टोकांत पाण्याच्या पातळीचा पुरेसा फरक हवा आणि चरात शिरणारं पाणी त्याचा तळ खरवडेल इतकं जोरदार हवं. नदी वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी सुळका खाऊन बारीक करते आणि मोठ्या पुरात शेवटचा घास घेते. ग्रँटच्या कालव्याच्या तोंडाशी पाण्याचा मुख्य झोत येतच नव्हता.

काही वेळा माणसाने मारलेला चर लागूही पडला. एप्रिल १८६३मध्येच उत्तरेच्या नौदलाच्या सेल्फ्रिज नावाच्या अधिकाऱ्याने आर्कान्सा नदीच्या मुखाजवळ अशीच एक मान (वळणाच्या दोन टोकांमधली चिंचोळी जमीन) कापली, कारण त्या वळणावर एकाच जहाजावर दोनदा हल्ला व्हायचा: एकदा या बाजूने, आणि वळसा घालून आलं की पलीकडून. तिथे नदी तत्काळ नव्या वाटेने गेली. जवळच्या नेपोलियन गावाचा काठ पुढच्या दहा-बारा वर्षांत खचत गेला आणि गाव नदीत गेलं.

१५ डिसेंबर

लसूणघास दोन बोटं उंच. मुळं खाली चांगली गुंतलीत, काठाचा एक ढेकूळ उचलून पाहिला तर वाळू मुळांना धरून राहते.

दुपारी पाणी सोडलं. आजचा नियम: कोणी हात लावायचा नाही. काठाचा पायथा आधी पोखरला जातो, वरचा गवताचा पट्टा काही वेळ छज्जासारखा पुढे लोंबतो आणि मग एकदम खाली येतो. पडलेलं ढेकूळ पायथ्याशी बसतं, तेवढा वेळ काठ वाचतो. ते वाहून गेलं की पुन्हा पोखरण. कृष्णेच्या काठावर पावसाळ्यानंतर दरड पडलेली ज्यांनी पाहिलीय त्यांनी हे लगेच ओळखलं.

संध्याकाळपर्यंत तीन वळणं, आणि पात्र अजून एकच. एका वळणापासून पुढच्या तशाच वळणापर्यंत ६५ ते ७० सेंटिमीटर. नाली सहा सेंटिमीटरची, म्हणजे रुंदीच्या अकरा पट. जगभरच्या नद्यांत हा आकडा साधारण १० ते १४ पटींत येतो, मग ओहोळ असो की मिसिसिपी. प्लायवूडच्या ट्रेमध्येही तो यावा, याचा मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

१८ डिसेंबर

रंगीत वाळूचा प्रयोग. रांगोळीचा विचार होता पण ती पाण्यात टिकत नाही. वाळूला लाल ऑइलपेंट लावून उन्हात वाळवली आणि पहिल्या वळणाच्या बाहेरच्या काठात भरली. काठ खचला की लाल दाणे कुठे जातात ते पाहायचं.

पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून बहुतेकांना वाटतं की बाहेरच्या काठाची वाळू समोरच्या आतल्या काठाला जाऊन बसते. तसं झालं नाही. थोडे दाणे समोर गेले, बहुतेक खाली वाहत जाऊन त्याच बाजूच्या पुढच्या वाळूपट्ट्यावर बसले. फ्रीडकिनच्या प्रयोगांतही हेच निघालं होतं. डाव्या काठाची माती डाव्या काठालाच, फक्त एक वळण खाली. फोटो वरून घेतलेत, पांढऱ्या वाळूवर लाल चंद्रकोर स्पष्ट दिसते. हा फोटो पहिल्या फलकावर मोठा छापायचा.

एक अडचण. वाळूपट्टा आणि गवताचा काठ यांच्यामध्ये एक खोलगट फट राहते. पाणी वाढवलं की धार त्या फटीतून घुसते आणि वळण आतल्या आत कापलं जातं. २००९च्या प्रयोगात ही फट बारीक गाळाने बुजवून घेतली होती. नदीत ते काम पुराचं गढूळ पाणी करतं. आमच्याकडे गणपतीच्या कार्यशाळेतली शाडू उरली होती, ती पाण्यात कालवून वरून थोडी थोडी सोडली. फटीत पाणी जिथे थबकतं तिथे पांढरा गाळ बसत गेला. बऱ्याच वेळाने फट भरली आणि वळण परत वाढायला लागलं.

म्हणजे नदीचा काठ नदीच बनवते, वाळू तळाने आणून आणि चिखल वरून पसरून. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीही अशाच पुरांनी दिलेल्या.

२४ डिसेंबर

नकाशाच्या कामात परत. व्हिक्सबर्गच्या खालच्या भागात एक वळण विचित्र दिसतं: गोलाई नीट चाललेली असते आणि मधेच सपाट, जणू भिंतीला टेकली. फिस्कच्या रंगांत शोधलं तर तिथे खाली एक जुनं, भरून गेलेलं नालाकृती सरोवर.

टाकून दिलेल्या वळणाची दोन्ही तोंडं आधी वाळूने बंद होतात. मग मधल्या तळ्यात फक्त पुराचं गढूळ पाणी पोचतं आणि त्यातली बारीक चिकणमाती बसत राहते. शेकडो वर्षांत तिथे चिकणमातीची जाड, घट्ट वडी तयार होते. पुढे कधी नदी सरकत तिथवर आली की तिला ती सहज खाता येत नाही. वळण अडतं, बाकीचा भाग पुढे जातो आणि आकार बिघडतो. नदी आज कुठे सरकेल हे तिनेच पूर्वी कुठे काय टाकलं यावर ठरतं.

नमुन्यांची भोकं पाडण्याचा खटाटोप आयोगाने केला तो यासाठीही. बांध कुठे टिकेल आणि काठ कुठे खचेल हे या वड्यांवर अवलंबून होतं.

२९ डिसेंबर

सीमांचा फलक. कायद्याचा भाग थोडक्यात आटपला: नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते, नदीने एकदम वळण तोडलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का आणि आयोवा यांच्या वादात हेच लावलं. नदी मिझुरी, वळण तुटलं १८७७मध्ये. त्यामुळे कार्टर लेक हे गाव आज नदीच्या नेब्रास्काकडच्या बाजूला असूनही आयोवाचं आहे. ओमाहा शहरातून विमानतळाला जाताना वाटेत दुसरं राज्य लागतं ते असं.

मिसिसिपीवर कॅस्कॅस्किया. इलिनॉयची पहिली राजधानी, फिस्कच्या नकाशांच्या थोडं वर. १८८१मध्ये नदीने नवी वाट धरली आणि गावाची जमीन पश्चिमेला, मिझुरीच्या बाजूला गेली. इलिनॉयच्याच या गावात जायला आता मिझुरीतून जावं लागतं.

याच फलकावर कोपऱ्यात एक जुनी गोष्ट टाकलीय, मला फार आवडते म्हणून. तुर्कस्तानातली मिअँडर नदी वळणांसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तिने काठ तोडून हद्द बदलली की लोक नदीवरच दावा लावत, आणि नदी हरली की दंड तिच्यावरच्या होड्यांच्या भाड्यातून वसूल होई. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांत हे कोणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

३ जानेवारी

ग्रीनव्हिलची राहिलेली नोंद. १९२७च्या महापुरापर्यंत अभियंत्यांचा दंडक होता की वळण तुटू द्यायचं नाही. महापुरानंतर धोरण उलटलं. पाणी लवकर खाली जावं म्हणून १९२९ ते १९४२ या काळात १६ वळणं तुटली, बहुतेक मुद्दाम तोडलेली, आणि नदी सुमारे १५० मैलांनी आखूड झाली. ग्रीनव्हिलच्या वरची तीन मोठी वळणं त्यातली. गाव मुख्य धारेवरचं होतं, ते आता लेक फर्ग्युसन नावाच्या तळ्यावर आहे. हे काम करवून घेणारे जनरल फर्ग्युसन, त्यांचंच नाव तळ्याला.

पण नदीला आखूड केलं की तिचा उतार वाढतो, वेग वाढतो आणि ती काठ खाऊन पुन्हा लांबी मिळवायला लागते. म्हणून काठाला अस्तर. काँक्रीटच्या ठोकळ्यांची तारेने ओवलेली चटई, एक तुकडा २५ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ इंच जाड. असे तुकडे तराफ्यावर जोडत जोडत काठावरून थेट नदीच्या तळापर्यंत सोडतात. पाणी कमी असतं त्या हंगामात हे काम दरवर्षी चालतं. हजार मैलांहून जास्त काठ असा मढवलाय. फिस्कच्या नकाशावर नाचणारी नदी आज जवळपास खिळवून ठेवलेली आहे, आणि नवी नालाकृती सरोवरंही आता तयार होत नाहीत.

हा भाग ट्रेमध्ये दाखवण्यासाठी तेलाच्या डब्याचे पत्रे कापले, दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या काठाला लावले. वळण थांबलं. पत्र्याच्या पायथ्याशी डोह मात्र खोल खोल होत गेला आणि पत्रा संपतो तिथून पुढचा काठ जोरात खचायला लागला. पत्रा वाढवा, तर त्याच्या पुढचा. मामा म्हणाले, "मग पत्रा शेवटपर्यंत लावायचा." अमेरिकेने तेच केलं.

७ जानेवारी

खिळवलेली नदी दाखवली तर मोकळीही दाखवायला हवी. पेरूमधली उकायाली, ॲमेझॉनची उपनदी. लँडसॅट उपग्रहाची चित्रं वर्षानुवर्षांची मोफत मिळतात, ती एकामागे एक लावून पंचवीस सेकंदांची चित्रफीत केली. काठ मढवलेला नाही, अँडीजमधून गाळ भरपूर. १९९०च्या दशकात मासिसेआजवळ एक प्रचंड वळण तुटलेलं चित्रफितीत साफ दिसतं, आणि त्यानंतर वरची-खालची वळणंही अस्वस्थ होतात.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्या अशा चित्रांवरून मोजून २०१४ साली एक निष्कर्ष निघाला: ज्या नद्यांत गाळ जास्त, त्यांची वळणं जास्त वेगाने सरकतात आणि जास्त वेळा तुटतात. आतला वाळूपट्टा वाढतो तेव्हा तो धारेला बाहेरच्या काठावर रेटतो. म्हणजे वर धरण बांधून गाळ अडवला की खालचा काठही शांत होतो. चांगलं की वाईट, ते काठावर कोण राहतं यावर.

११ जानेवारी

तिसऱ्या फलकाचा शेवटचा भाग, ओल्ड रिव्हर. एका मुलीने चार वेळा लिहून आणला आणि चौथा चांगला झालाय.

१८३१मध्ये कॅप्टन श्रीव्ह यांनी बोटींची वाट जवळ व्हावी म्हणून लुइझियानात एक वळण कापलं. त्या वळणाच्या उरलेल्या तुकड्यातून (हीच ओल्ड रिव्हर) मिसिसिपीचं थोडं पाणी शेजारच्या अचाफलाया नदीत जायचं. अचाफलायाचं तोंड ओंडक्यांनी बुजलेलं होतं, पुढच्या दशकांत लोकांनी ते साफ केलं. तिथून समुद्र सुमारे २३० किलोमीटर, मिसिसिपीच्या वाटेने जवळपास ५००. जवळची वाट उताराची, म्हणून पाण्याचा वाटा दर दशकाला वाढत गेला. १९५२ साली फिस्कनीच बजावलं की हे असंच चाललं तर दहा-वीस वर्षांत मुख्य नदी तिकडे जाईल आणि न्यू ऑर्लिन्स खाडीवर राहील. १९६३मध्ये दरवाजे बांधून वाटणी अचाफलायाला ३० आणि मिसिसिपीला ७० टक्के अशी बांधून टाकली. १९७३च्या पुरात त्या बांधकामाखालची जमीन वाहून जाऊन त्याची एक भिंत कोसळली. बांधकाम थोडक्यात वाचलं, आणि १९८६मध्ये शेजारी दुसरं उभं केलं.

मुलीने शेवटी "निसर्गापुढे माणूस क्षुद्र आहे" असं लिहिलं होतं, ते काढायला लावलं. साठ वर्षं वाटणी टिकलीय, एवढंच लिहावं.

१३ जानेवारी

फलक छापून आले. लाल सीमा थोडी केशरी आलीय, चालेल.

ट्रेमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या वळणामधली मान आता चार बोटं उरलीय. पत्रे काढून घेतले. उद्या सकाळी आठला पंप सुरू करायचा, शाडूचं पाणी तासातासाने, आणि दुपारी शाळांची मुलं येतील तेव्हा पाणी थोडं वाढवायचं. मान त्यांच्यासमोर तुटली तर उत्तम. आधीच तुटली तर नवी नाली काढत बसायचं नाही, मागे राहिलेलं तळं कसं भरतं ते दाखवायचं. लसूणघास कार्यक्रम संपल्यावर मामा घेऊन जाणार आहेत.